कुशची परिस्थिती उत्तम आहे

कुश करंबेळकर जन्मला तेव्हा त्याचं वजन बरोबर सरासरीइतकं भरलं. इंग्लंडात बाळाबरोबर एक लाल वही देतात आणि तिच्यातल्या आलेखावर बाळाच्या वजनाचा ठिपका काढतात. कुशचा ठिपका मधल्या रेषेवर पडला. पुढची दोन वर्षं तो दर वेळी त्याच रेषेवर पडत राहिला. घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाई कौतुकाने म्हणाल्या, "परफेक्टली अ‍ॅव्हरेज!" कुशच्या आईने, आसावरीने, लगेच विचारलं की यावर औषध काय द्यायचं. पुण्याहून रीडिंगला येऊन तिला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि इथे ही शाबासकी असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेच्या प्रगतिपुस्तकातही दर वर्षी एकच शेरा यायचा. गणित, अपेक्षेप्रमाणे. वाचन, अपेक्षेप्रमाणे. वर्तणूक, अपेक्षेप्रमाणे. "कुणाच्या अपेक्षेप्रमाणे?" आसावरी विचारायची. "माझ्या तर नाही." सोळाव्या वर्षी जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल लागला. नऊ विषय होते आणि नवांमध्येही कुशला पाच मिळाले होते. नऊपैकी पाच, नऊ वेळा. कुशचे वडील मिलिंद एम-फोर महामार्गालगतच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. त्यांना छपाईत चूक असल्याचा दाट संशय आला. त्यांनी बोर्डाला पत्र लिहिलं. बोर्डाने तपासून कळवलं की चूक नाही, पाचच आहेत.

पण कुशला एक गोष्ट मनापासून आवडायची, आणि ती म्हणजे हवा. मोकळी हवा नव्हे, इमारतीतली. ती कुठून आत येते, कुठे अडते, कुठून बाहेर जाते, हे सगळं. कुठल्याही हॉटेलात गेला की लोक मेन्यू बघायचे आणि हा छताकडे बघायचा. एका लग्नात ऐन होम पेटलेला असताना तो भटजींना म्हणाला होता, "गुरुजी, तुम्ही दोन फूट राइटला सरका, तिथे एअर-फ्लो चांगला आहे." गुरुजी सरकले, आणि धूर खरोखरच डोळ्यांत जायचा थांबला. पण याला कुणी मार्क देत नाही.

अठराव्या वर्षी त्याने गावातल्या कॉलेजात बिल्डिंग सर्व्हिसेसच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. इमारतींची हीटिंग, प्लंबिंग, वायुवीजन असा हा अभ्यास. त्यात श्रेणी तीनच: पास, मेरिट आणि डिस्टिंक्शन. पंधरा विषयांत कुशला तेरा पास आणि दोन मेरिट पडले. मेरिट अर्थातच हवेच्या विषयांत.

आता त्याला वेस्टमार्श युनिव्हर्सिटीत जायचं होतं. रीडिंगहून ट्रेनने तास-सव्वातास. डिप्लोमात एकंदर मेरिट असेल तर थेट डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला घ्यायचे. नसेल तर पहिल्या वर्षापासून सुरुवात, म्हणजे दोन वर्षं शिकलेले तेच पाइप पुन्हा मोजायचे. मात्र वेबसाइटवर खाली बारीक अक्षरांत एक फट होती: पास मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांवर काही विशेष प्रतिकूल परिस्थितीचा परिणाम झाला असल्यास त्यांनी तसा फॉर्म भरावा, सोबत पुरावा जोडावा, समिती विचार करेल. मुदत अठरा जुलै.

"हे बेस्ट आहे," मिलिंद म्हणाले. "फक्त परिस्थिती शोधायची."

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा बाजूला सारून घरात बैठक बसली. मिलिंदनी लॅपटॉपवर एक तक्ता उघडला होता: दुर्घटना, तारीख, तीव्रता, पुरावा. केंब्रिजला पीएचडी करणारी मोठी बहीण वरदा फोनच्या स्पीकरवर होती.

"हं," मिलिंद म्हणाले. "गेल्या दोन वर्षांत तुझं काय काय वाईट झालं?"

कुशने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "बाथरूमचा फॅन बंद पडला होता."

"किती दिवस?"

"थ्री डेज. पण मला मजा आली. मी तो सगळा ओपन केला ना."

"मजा आली हे लिहायचं नाही."

"मग काही नाही, बाबा."

"आजारपण? एखादा ताप?"

"त्याला ताप येत नाही," आसावरी म्हणाली. "मी जेवायला काय घालते बघत नाही का तुम्ही?"

पुण्यातली आजी ब्याऐंशीव्या वर्षी रोज पोहायला जात होती. आदल्या दिवशी फोनवर तिला हे सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझं घाला की काहीतरी. मला चालेल." पण ते मिलिंदना चाललं नाही. नोकरी गेली म्हणावं, तर त्यांना बढती मिळाली होती. शेजारच्यांचं बांधकाम म्हणावं, तर कुश रोज संध्याकाळी तिथे जाऊन त्यांचे पाइप बघत बसायचा आणि त्यांनी जाताना त्याला थँक-यू कार्ड दिलं होतं.

"फॅमिली ब्रेकडाउन स्ट्राँग कॅटेगरी आहे," स्पीकरमधून वरदा म्हणाली. "माझ्या लॅबमध्ये एकाचं त्यावर झालं."

"म्हणजे काय?" आसावरीने विचारलं.

"म्हणजे तू आणि बाबा वेगळे राहताय वगैरे."

मिलिंदनी तक्त्यात एक ओळ वाढवली. "फक्त फॉर्मपुरतं," ते हळूच म्हणाले.

"सव्वीस वर्षं काढली मी तुमच्याबरोबर," आसावरी म्हणाली, "ती काय फॉर्मवर वाया घालवायला? आणि नीट ऐका सगळ्यांनी. या घरात पोराला काही कमी पडलं, असं कागदावर आलेलं मला चालायचं नाही. दोन वर्षं डबा दिलाय मी. रोज. त्याचा शर्टसुद्धा इस्त्रीचा असतो. लिहायचं असेल तर ते लिहा."

"अगं, ते प्रतिकूल नाहीये."

"मग तुमचा फॉर्म चुकीचा आहे."

कुशला दोघांची कीव आली. आपण एखादा पाय तरी मोडून घ्यायला हवा होता, असं त्याला वाटलं.

तेव्हा मिलिंदना पुण्यातले कॉलेजचे दिवस आठवले. परीक्षा बुडाली की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यांच्याकडे सही-शिक्क्याचे कागद तयारच असायचे, फक्त नाव घालायचं. विषाणूजन्य ताप, पाच दिवस विश्रांती. त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. डॉक्टर ओळखीचे असण्याचा तेवढा तरी उपयोग.

"आमच्या सर्जरीत यायचं नाही," आसावरीने आधीच बजावलं. ती जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात रिसेप्शनवर होती; त्यालाच इथे सर्जरी म्हणतात. "मी रोज चाळीस लोकांना नाही म्हणते. घरच्यांना हो म्हटलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

उरले श्रीनिवासकाका. मिलिंदचे चुलते, लंडनमध्ये ईलिंगला राहायचे. अडतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत कन्सल्टंट होते. वय एकोणऐंशी. निवृत्त झाले होते, पण डॉक्टरांच्या नोंदणीतलं नाव दर वर्षी न चुकता चालू ठेवायचे. मिलिंदनी फोनवर आडून आडून विषय काढला. काका म्हणाले, "सर्टिफिकेट हवंय ना? पाठव पोराला. का नाही देणार?"

कुश शनिवारी ईलिंगला गेला. काकांनी चहा दिला आणि मग त्याला दीड तास तपासलं. रक्तदाब दोन्ही हातांचा घेतला. जीभ बघितली, कान बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली. एका पायावर उभं करून डोळे मिटायला लावले.

"झोप?"

"आठ तास, आजोबा."

"भूक?"

"खूप."

"आईवडिलांशी पटतं?"

"हो."

"मनाला काही बोचतं का? मोकळेपणाने सांग. मी कुणाला सांगणार नाही."

कुश जरा घुटमळला. "आजोबा, तुमच्या किचनचा व्हेंट ब्लॉक झालाय. पेंट मारलाय त्याच्यावर. मी आल्यापासून मला ते बोचतंय."

काकांनी ते लिहून घेतलं. मग आपल्या जुन्या जाड लेटरहेडवर, निळ्या शाईच्या पेनाने, त्यांनी सर्टिफिकेट लिहिलं. वीस मिनिटं लागली. घडी घालून पाकिटात घालताना ते म्हणाले, "खरं तेच लिहिलंय."

मिलिंदनी ते घरी उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसले. काकांनी लिहिलं होतं: मी कुमार कुश करंबेळकर याची सविस्तर तपासणी केली. हृदय, फुप्फुसे, मज्जासंस्था उत्तम. भूक उत्कृष्ट. निद्रा शांत. आईवडिलांशी संबंध प्रेमाचे. अडतीस वर्षांच्या सेवेत याहून निरोगी तरुण माझ्या पाहण्यात नाही. याच्या गुणांना बाधा येईल अशी कोणतीही परिस्थिती मला आढळली नाही.

"हे पाठवता येणार नाही," मिलिंद म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "पाठवलं का?" तिसऱ्या दिवशीही आला. "पाठवलं का रे? माझं पेन मुद्दाम स्वच्छ केलं होतं मी." चौथ्या दिवशी काका म्हणाले, "नसेल चालत तर सांग. आमच्या काळचं आता कोण विचारतं." आता एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला 'तुमचं सर्टिफिकेट फार चांगलं आहे म्हणून चालत नाही' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? करंबेळकरांच्या घरात ते कुणालाच जमण्यासारखं नव्हतं.

सतरा तारखेला संध्याकाळी मिलिंद पोर्टल उघडून बसले. पुराव्याचा कागद जोडल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. "बघ," ते कुशला म्हणाले, "पोर्टल फक्त फाइल आहे की नाही एवढंच तपासतं. आत काय आहे कोण उघडून बघतं? बावीस वर्षं हेच करतोय मी. कुणी उघडत नाही." आणि त्यांनी काकांचं सर्टिफिकेट जोडलं. परिस्थितीचं वर्णन करा, या चौकटीत काय लिहायचं ते ठरलं नव्हतंच. कुशने लिहिलं: कृपया सोबतचे पत्र पाहावे.

आठवड्याने त्याला मुलाखतीला बोलावलं.

प्रवेशाचं काम बघणाऱ्या डॉक्टर प्रॉसर या पन्नाशीच्या वेल्श बाई होत्या. बाहेर जुलैचं ऊन होतं, पण त्या गळ्याभोवती लोकरीचा स्कार्फ गुंडाळून बसल्या होत्या. समोर श्रीनिवासकाकांचं सर्टिफिकेट होतं. कुणीतरी उघडलं होतं. छापलंही होतं, रंगीत.

"मिस्टर करंबेळकर," त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी हे फॉर्म वाचतेय. एका विद्यार्थ्याच्या एका वर्षात पाच आज्या वारल्या होत्या. पण असा पुरावा मी पहिल्यांदाच बघतेय. नक्की झालं काय तुम्हाला?"

"काही नाही," कुश म्हणाला.

"काही नाही?"

"मला पास मिळाला कारण मी पासचं काम केलं. म्हणजे कसं, पासला सांगतात, एक्सप्लेन करा. मेरिटला, अ‍ॅनलाइज करा. डिस्टिंक्शनला, इव्हॅल्युएट करा. मी एक्सप्लेन करायचो. मग वाचून बघायचो. मला वाटायचं, झालंय की एक्सप्लेन."

डॉक्टर प्रॉसरनी त्याचं गुणपत्रक पुढे ओढलं. "आणि ज्या दोन विषयांत मेरिट आहे, तिथे काय झालं?"

"तिथे मला माझंच एक्सप्लनेशन पटलं नाही. मग मी परत गेलो." तो थांबला. त्याची नजर मघापासून वर जात होती. शेवटी त्याला राहवेना. "मॅम, तुमची मान दुखते का? त्या जाळीतून येणारी सगळी हवा सरळ तुमच्या खांद्यावर पडतेय. तुमचं टेबल आधी त्या भिंतीला असणार. खोली बदलली, पण डक्ट कुणी बदलली नाही."

"सहा वर्षं," त्या हळूच म्हणाल्या, "सहा वर्षं मी त्यांना हे सांगतेय. ते म्हणतात, तापमान मर्यादेत आहे."

"तापमान असेल. पण वेग नाही ना."

त्यांनी टेबल ढकलायला सुरुवात केली. कुश उठून मदतीला लागला. टेबल तीन फूट सरकल्यावर त्यांनी स्कार्फ काढला आणि खुर्चीत बसून सांगितलं, "मला तुम्हाला घ्यायला आवडेल. पण निर्णय माझा नाही, परिस्थिती समितीचा आहे. आणि ती नियमाने चालते."

समिती खरोखरच नियमाने चालली. तिच्यात संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी मुद्दा काढला की प्रतिकूल परिस्थितीसाठी आपण विद्यार्थ्याचे गुण वरचे धरतो. मग परिस्थिती अनुकूल असल्याचा वैद्यकीय पुरावा समोर आलेला असताना ते खालचे धरायला नकोत का? नाहीतर आपली पद्धत एका बाजूला झुकलेली ठरेल. यावर दोन तास चर्चा झाली आणि शेवटी मतदान झालं.

मंगळवारी पत्र आलं. मिलिंदनी मोठ्याने वाचलं. "समितीने आपल्या परिस्थितीचा काळजीपूर्वक विचार केला. ती उत्तम आहे. त्यामुळे आपला पास हा प्रत्यक्षात पासपेक्षा कमी समजण्यात येत आहे. या श्रेणीवर आपल्याला कोणत्याही वर्षात प्रवेश देता येत नाही, याचा खेद वाटतो."

"कोणत्याही वर्षात?" कुश म्हणाला. "फर्स्टमध्येपण नाही?"

"परत वाचा बरं," आसावरी म्हणाली.

"आपल्याला कोणत्याही वर्षात..."

"ते नाही. त्याच्या आधीचं. ती काय आहे?"

"ती उत्तम आहे."

"युनिव्हर्सिटीने लिहिलंय ना? शिक्क्यासकट?" तिने कागद हातात घेतला आणि चष्मा लावून स्वतः वाचला. तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने कुशकडे पाहिलं आणि कागद पालथा टेबलावर ठेवला. "मेल्यांना काही कळत नाही," ती म्हणाली.

श्रीनिवासकाकांना कळवलं तेव्हा त्यांनी ते पत्र फोनवर दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी वाचलं. अडतीस वर्षांत माझं एकही पत्र कुणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं रे." वरदाने फोनवर आरडाओरडा केला, हा सुखी माणसांवर अन्याय आहे आणि मी पेटिशन काढते म्हणाली. कुशने त्या रात्री नेहमीसारख्या चार पोळ्या खाल्ल्या. मात्र त्याने गावातल्या लायब्ररीच्या वायुवीजनाचं एक रेखाटन काढायला घेतलं होतं, कुणी न सांगता, स्वतःसाठी. ते त्याने गुंडाळून कपाटावर टाकलं. तीन दिवस ते तिथेच होतं. रीडिंग स्टेशनवरच्या कॅफेत बसला असतानाही त्याने एकदासुद्धा वर पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर प्रॉसरचा फोन आला. आवाजात दबलेला उत्साह होता.

"मी नियमावली वाचली," त्या म्हणाल्या. "सगळी, एकशे बारा पानं. प्रतिकूल परिस्थितीच्या यादीत कलम सात आहे: विद्यापीठाच्या अन्यायकारक निर्णयामुळे झालेला त्रास. तुमच्यावर अन्याय झालाय. पुरावा म्हणून आमचंच पत्र जोडा."

"पण मॅम, माझे मार्क तर त्याच्या आधीचे आहेत."

"मला माहीत आहे. पण फॉर्मवर तारखेची चौकट नाही."

स्पीकरवर ऐकणाऱ्या मिलिंदनी कौतुकाने मान हलवली. अशी चूक सापडली की त्यांच्या कंपनीत केक आणायचे.

"एकच प्रश्न आहे," डॉक्टर प्रॉसर पुढे म्हणाल्या. "त्रास किती झाला ते तुम्हाला स्वतःला नोंदवावं लागेल. सौम्य, मध्यम किंवा तीव्र. कुठली खूण करा हे मी सांगू शकत नाही. पण तीव्र असेल तर समितीला तिसरं वर्ष द्यावं लागतं. मध्यमला दुसरं, सौम्यला पहिलं. यात त्यांना चर्चा करता येत नाही, तक्ता ठरलेला आहे."

फोन ठेवल्यावर फॉर्म उघडला. तिघंही स्क्रीनसमोर बसले.

"तीव्र," मिलिंद म्हणाले. "विचार कसला करतोस?"

आसावरीही म्हणाली, "तीव्रच. आता मला काही वाटत नाही. त्यांनीच केलंय, आपल्या घरात काही झालेलं नाही."

कुश खुर्चीवर मागे रेलला. तीव्र कसं असतं याचा त्याने अंदाज घेतला. त्याला चार पोळ्या आठवल्या. झोप त्या रात्रीही आठ तास झाली होती. मग कपाटावरचं ते रेखाटन आठवलं, आणि ते तीन दिवस. ते सौम्य नव्हतं. असं त्याला पूर्वी कधीच झालं नव्हतं.

त्याने शेजारच्या खिडकीत वेस्टमार्शची विषयांची यादी उघडली. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट मॅनेजमेंट, करार, कायदे. दुसऱ्या वर्षाला पहिलाच विषय होता, मोठ्या इमारतींतला वायुप्रवाह. बारा आठवडे, प्रयोगशाळेसकट. बोगद्यात धूर सोडून हवा कशी वाहते ते बघायची चाचणीसुद्धा होती. तिसऱ्याला थेट गेला तर हे सगळं त्याला कधी बघायलाच मिळणार नव्हतं.

त्याने मध्यमवर खूण केली.

"अरे, काय करतोस!" मिलिंद खुर्चीतून अर्धे उठले. "वर्षभराचा प्रश्न आहे! एक क्लिक वर कर."

"बाबा, मध्यमच झाला."

"कोण मोजायला येणार आहे?"

"कोणी नाही. पण मी मोजला." त्याने वडिलांकडे पाहिलं. "आणि मला सेकंड इयर पाहिजे."

"पाहिजे म्हणजे? मिळतंय म्हणून नाही? पाहिजे?"

"हो. पाहिजे."

मिलिंद परत खुर्चीत बसले. या मुलाने कधी काही पाहिजे म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. वाढदिवसाला काय हवं विचारलं की तो म्हणायचा, काहीही चालेल. त्यांनी आसावरीकडे पाहिलं. आसावरी स्क्रीनकडे बघत होती.

"त्या धुराचा त्रास नाही ना होणार तुला?" तिने विचारलं.

"नाही, आई. तो बोगद्यातच असतो."

पोर्टलने विचारलं, आपली खात्री आहे का? एकदा पाठवल्यावर बदल करता येणार नाही. मिलिंदचा हात माऊसच्या दिशेने थोडासा पुढे आला आणि टेबलाच्या कडेवर थांबला. कुशने बटण दाबलं.